निळ्यातलं येर्रागुट्टा

"आमचं गाव निळं काऊन केलं?"

फोनवरच्या माणसानं आधी नाव सांगितलं नाही की नमस्कार केला नाही. शिरीनच्या एका हातात रिसीव्हर होता, दुसऱ्यात चहाचा कागदी कप. तिला वाटलं, राँग नंबर असेल. वर्तमानपत्राच्या चंद्रपूर कार्यालयात असे फोन दिवसभर यायचे. कुणाचं आडनाव चुकलेलं असायचं, कुणाच्या श्रद्धांजलीत दुसऱ्याच जिवंत माणसाचा फोटो गेलेला असायचा. पण ते सगळे फोन बातमीदारांसाठी. शिरीनला कुणी फोन करत नसे. ती पानांवरची चित्रं करायची. नकाशे, आलेख, कापसाच्या भावाची वरखाली होणारी रेघ, उन्हाळा आला की पाऱ्याचा लाल खांब. अशा चित्राखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव छापलेलं असे आणि ते कुणी वाचत असेल असं तिला इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. "नकाशावाल्या बाई पाहिजेत म्हणतो," असं म्हणून दिव्यानीनं पलीकडच्या टेबलावरून फोन तिच्याकडे सरकवला होता, आणि आता तो माणूस उत्तराची वाट बघत होता. त्याच्यामागे कुठंतरी एक शेळी ओरडत होती.

"कोणतं गाव?" शिरीननं विचारलं.

"येर्रागुट्टा. तालुका सिरोंचा. तुमीच तं नाव लिव्हलं त्याच्यावर, पांढऱ्या अक्षरानं. मी पोचय्या बोलून राह्यलो."

मग त्यानं सावकाश सांगितलं. रविवारच्या पेपरात गोदावरीच्या पुराचा नकाशा आला होता, त्यात त्याचं गाव पाण्याखाली दाखवलं होतं. गावात पाणी आलंच नव्हतं. खालच्या वावरात आलं आणि उतरून गेलं. पण तो नकाशा लोकांच्या मोबाइलवर फिरत फिरत राजुऱ्याला पोचला, आणि राजुऱ्याला त्याच्या मुलीची, रिनाची, सोयरीक ठरली होती. मुलगा कोळसा खाणीत कामाला. मुलाच्या बापानं फोन करून सांगितलं की बुडणाऱ्या गावाशी सोयरीक नको. उद्या शेत नाही, घर नाही, सारं खटलं जावयाच्या दारात येऊन बसेल. "मी म्हटलं, अहो, पाणी नाई आलं. तं तो म्हणते, मी डोळ्यानं पाह्यलं न नकाशात." पोचय्या थोडा हसल्यासारखा आवाज करून थांबला. तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर शिरीनला सोपं गेलं असतं. "तुमी या न, बाई," तो म्हणाला. "एकदा येऊन पाहा. मंग तुमाले जे कराचं ते करा."

फोन ठेवल्यावर तिनं तो नकाशा पुन्हा उघडला. पडद्यावर तो अजूनही सुंदर दिसत होता. तीच तर अडचण होती. पाणी शिरलेल्या गावांची नावं सिरोंच्याहून आली होती आणि ती बरोबर होती. येर्रागुट्टाचं नाव त्यात नव्हतंच. तिनं आधी गावागावावर ठिपके ठेवून पाहिले होते, पण तसा तो तालुका गोवर आल्यासारखा दिसायला लागला. म्हणून तिनं ठिपके पुसून त्यांच्या कडेकडेनं एक रेघ ओढली आणि आतलं सगळं निळ्यानं भरलं. नदीकडे गडद, बाहेर फिकं. वरचं गाव बुडालेलं, खालचं गाव बुडालेलं, मधल्या भागाबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. रेघ आपसूक मधूनच गेली. मग त्या मोठ्या निळ्या पट्ट्यात एक जागा फार रिकामी वाटायला लागली. तिथं काहीतरी हवं होतं. तिनं मूळ नकाशा मोठा करून पाहिला, त्या जागेवर एका गावाचं नाव होतं, ते तिनं उचलून पांढऱ्या अक्षरात बसवलं. निळ्यावर पांढरं नेहमी उठून दिसतं. येर्रागुट्टा एवढ्यासाठीच त्या नकाशात आलं होतं, की तिथं जागा रिकामी होती.

रेघ एका दमात ओढायला तिला अब्बांनी शिकवलं होतं. कय्यूम पेंटर म्हणजे एके काळी जटपुरा गेटच्या आतली निम्मी दुकानं. कापडवाले, चष्मेवाले, बँडवाले, सगळ्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. ते शिडीवर आणि शिरीन खाली रंगाचा डबा धरून उभी, असं तिचं लहानपण गेलं. "एक सांस में खींच," ते म्हणायचे, "बीच में रुकी तो जोड़ दिखता है।" पुढं फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणं संपलं, तेव्हा अब्बा दुपारभर ओट्यावर बसून बोटानं हवेत अक्षरं काढायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, म्हातारा माश्या हाकलतोय. शिरीनला वर्तमानपत्रात काम मिळालं त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, तिथं काय काढावं लागतं? ती म्हणाली, आकड्यांची चित्रं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, आकड्याचं चित्र कसं असतं? तिला तेव्हा सांगता आलं नव्हतं. आता पडद्यावरच्या त्या निळ्या कडेवरून तिची नजर फिरत होती आणि कुठंही जोड दिसत नव्हता. तिला माहीत असलेलं कुठं संपलं आणि तिनं मनानं ओढलेलं कुठं सुरू झालं, हे आता तिलासुद्धा ओळखता येत नव्हतं.

अजय सरांना तिनं सांगितलं तेव्हा ते उद्याची पानं लावत होते. कार्यालयाचे प्रमुख ते. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत असायचा. "दोन ओळी टाकू आतल्या पानावर," ते म्हणाले. "अमुक नकाशात तमुक गाव चुकून, वगैरे."

"ज्यांनी चित्र पाहिलं ते दोन ओळी वाचणार नाहीत, सर."

"मग काय, पुन्हा अर्धं पान देऊ? एका गावासाठी?" ते हसले. "अगं, आपल्या पानाचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. नागपूरहून फोन आला होता. म्हणाले, वाचावं लागलंच नाही, बघितलं आणि कळलं."

वाचावं लागलंच नाही. ते वाक्य घेऊन ती घरी गेली. बाबूपेठेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. धाकटा भाऊ जिशान हैदराबादला गेल्यापासून आणि अब्बांमागून अम्मीही वारल्यापासून दुसरी खोली तशीच बंद असायची. खिडकीच्या चौकटीवर रोजच्यासारखी कोळशाची काळी भुकटी साठली होती. ती बोटानं पुसली की बोट काळं आणि खिडकी तशीच. खाली भाजीवाल्याशी कुणीतरी भांडत होतं. शिरीननं भात लावला, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उगाच उभी राहिली. पोचय्याची तक्रार तिला लागली होती, ते खरं. पण मनात पुन्हापुन्हा येत होतं ते वेगळंच. तुमी या न, बाई. किती सहज म्हणाला तो. कुणी आपल्याला कुठं ये म्हटल्याला किती काळ झाला, हे आठवायला लागलं तेव्हा तिनं मुद्दाम नळ सोडून भांडी घासायला घेतली. जिशान फोन करायचा, "आओ ना कभी," म्हणायचा. पण ते वाक्य त्यानं फोन ठेवण्यासाठी ठेवलेलं होतं. सकाळी तिनं रजेचा अर्ज दिला. अजय सर म्हणाले, सिरोंचा? या रस्त्यानं? तुला वेड लागलं का?

एसटीत बल्लारपूरपर्यंत गर्दी होती, गोंडपिपरीनंतर विरळ झाली. आष्टीला प्राणहितेकडे जाणारं पाणी पुलाखाली गढूळ, जड, सुस्त वाहत होतं. आलापल्लीच्या पुढं रस्ता असा काही राहिलाच नव्हता. खड्ड्यांतून गाडी डुलत होती आणि दोन्ही बाजूंना सागाची झाडं इतकी जवळ आली होती की पानं खिडकीच्या गजांना घासून जात. शिरीन गजाला डोकं टेकून बसली. तिच्या नकाशात हा सगळा रस्ता बोटभर होता. तो तिनं करड्या रंगात काढला होता, कारण रस्ते करडे बरे दिसतात. काही वर्षांपूर्वी अशीच गाडीच्या खिडकीशी बसून ती लग्न होऊन राजुऱ्याला गेली होती. तेच नाव पोचय्याच्या तोंडून आलं तेव्हा आत काहीतरी हललं होतं, पण तिनं तिकडे पाहिलं नव्हतं. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. भला माणूस. कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, महिन्याच्या महिन्याला तिला अम्मीकडे पाठवायचा. रात्री पंखा लावून तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि ती पंख्याची पाती बघत पडायची. त्यांच्यात भांडायलासुद्धा काही नव्हतं. एकदा ईदला ती माहेरी आली आणि परत गेली नाही. सगळे विचारायला लागले. मारता है? नहीं. खाने को नहीं देता? देता है. शराब? नहीं. फिर? त्या 'फिर'पुढं तिला काही सुचत नसे. खाला, मामू, शेजारच्या बाया, सगळे पुढं सरकून त्या कारणाची वाट बघत बसायचे, आणि तिच्याजवळ द्यायला कारण नव्हतं. शेवटी अम्मीनंच कुठलंतरी रचून सांगितलं. काय सांगितलं ते शिरीननं कधी विचारलं नाही.

सिरोंच्याच्या स्टँडवर पोचय्या मोटरसायकल घेऊन उभा होता. आवाजावरून तिला उंचापुरा माणूस वाटला होता. हा ठेंगणा, डोक्याला पंचा गुंडाळलेला, पायात रबरी चपला. "आले का बाई, लय धक्के बसले असन," एवढंच म्हणून त्यानं तिची पिशवी हँडलला अडकवली. वाटेत कुणी थांबवलं की तो तेलुगूत काहीतरी सांगायचा आणि ती माणसं शिरीनकडे निरखून बघायची. गाव जवळ आलं तशी मोटरसायकल चढाला लागली. चढ संपेना. माती तांबडी झाली, मग लालभडक. वर पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं तर नदी खूप खाली, पल्याडच्या तेलंगणाच्या काठाशी खेटून, उन्हात पत्र्यासारखी चमकत होती.

"येर्रा म्हंजे लाल," पोचय्या म्हणाला. "गुट्टा म्हंजे टेकडी. इथं पाणी चढाले देवालेच पाठवा लागन."

तो हसत होता. पण मारुतीच्या पारावर जमलेल्या लोकांना हसू येत नव्हतं. कुणी म्हणालं, गाव उठवणार म्हणतात, नकाशात आलं म्हणजे ठरलंच असेल. कुणी म्हणालं, धान घ्यायला येणारा माणूस यंदा तुमचं धान भिजलं असेल म्हणून यायला तयार नाही. एका म्हातारीनं गावातल्या बायांचं ऐकून घरातली पितळेची भांडी बांधून मुलाकडे मंचेरियालला पाठवून दिली होती आणि आता ती ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भात शिजवत होती. ती शिरीनचा हात धरून बराच वेळ तेलुगूत बोलली. पोचय्यानं त्यातलं एवढंच सांगितलं, "ते म्हणते, तू लहान आहे, तुले कोनी सांगितलं नसन." शिरीन 'चूक झाली माझी' म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. चूक कबूल करून घ्यायला ते जमलेच नव्हते. ती आता काय करणार, एवढंच त्यांना हवं होतं.

पोचय्याच्या घरी त्याच्या बायकोनं चटई टाकली. तिला मराठी येत नव्हतं. "कूर्चो अम्मा," म्हणाली आणि खांद्यावर हलकेच दाबून तिला बसवलं. नदीच्या माशाचं कालवण आणि भाताचा ढीग. शिरीनचा हात थांबला की ती "तिनम्मा, तिनम्मा" करत आणखी भात वाढायची. समोर बसून दुसऱ्यानं आपलं जेवण बघावं, ही गोष्ट शिरीन विसरून गेली होती. घास गिळताना तिला उगाच लाजल्यासारखं झालं. रिना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सिरोंच्याच्या कॉलेजात बी.ए. झालेली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. शिरीनचे हात धुऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी मॅडमले नदी दाखवून आणतो."

उतारावर पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते स्पष्ट दिसत होतं. झुडपांना वाळकं गवत आणि प्लॅस्टिक लोंबत होतं आणि त्याच्या खाली सगळा चिखल. गाव त्या खुणेपासून कितीतरी वर. शिरीननं मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. रिना थोडा वेळ बघत राहिली.

"मॅडम, ते दुरुस्त करान का तुमी?"

"हो. त्यासाठीच आले ना."

"नका करू."

शिरीननं मोबाइल खाली घेतला.

"मले नाई कराचं ते लग्न," रिना नदीकडे बघत म्हणाली. "पोरगा वाईट नाई. दारू पेत नाई, क्वार्टर आहे, एकुलता एक आहे. पाहाले आला तं मोबाइलात पाहून राह्यला होता. आईनं च्या देल्ला, तं त्यानं माह्याकडे न पाहता कप घेतला. बस, एवढंच. आता एवढ्यावरून कोनी नाई म्हणते का? बाबा म्हणतीन, काऊन? मी काय सांगू? माह्याजवळ कारणच नव्हतं." ती वळली. "तुमच्या नकाशानं कारण देल्लं, मॅडम. मी कोनाले काई बोललीच नाई. आपोआप मोडलं."

फिर? फिर? या पोरीला निदान कप तरी सांगता येत होता. तिला तेवढंही जमलं नव्हतं. आपण त्या वेळी कुणाकडे जाऊन हे बोललो असतो, असं कुणी होतं का? तिला वाटलं, राहू द्यावं ते निळं. एका पोरीच्या अंगावरून संकट टळतंय. मग तिला ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजणारा भात दिसला, आणि पारावरचे ते गप्प चेहरे.

"रिना, गाव सगळं घाबरलंय," ती म्हणाली. "नकाशा मला बदलावा लागेल. तू घरी सांग. नाही म्हणायला कारण लागत नाही."

"तुमाले लागलं नव्हतं?"

रिनाला काही माहीत असणं शक्य नव्हतं. तिनं सहजच विचारलं असणार. शिरीन मोबाइलवरचे फोटो बघायला लागली. रिनाचा चेहरा हळूहळू मिटत गेला. "ठीक आहे," ती म्हणाली आणि चढ चढायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीन निघाली तेव्हा रिना विहिरीवर गेली आहे असं तिच्या आईनं हातानं खुणावून सांगितलं. पोचय्यानं स्टँडवर तिच्यासाठी बसमधली खिडकीची जागा रुमाल टाकून धरली. रिनाबद्दलचे शब्द शिरीनच्या ओठांवर आले होते. गाडी सुटेपर्यंत ते तिथंच राहिले.

चंद्रपूरला आल्यावर तिनं नवा नकाशा काढला. अजय सरांशी ती कधी भांडली नव्हती, यावेळी भांडली. शेवटी ते म्हणाले, बरं बाई, घे अर्धं पान. या नकाशात ठिपके होते, गोवरासारखे, आणि तिनं ते तसेच ठेवले. पाणी कुठवर आलं हे जिथं नक्की ठाऊक होतं तिथंच निळी कड काढली. जिथं ठाऊक नव्हतं तिथं रेघ तुटक सोडली. मध्ये येर्रागुट्टा, पांढऱ्या तुकड्यावर लाल अक्षरात. चित्र काही सुंदर झालं नाही. दिव्यानी म्हणाली, शिरीनताई, अर्धवट वाटते हो. पण ते छापून आलं, आणि मोबाइलांवरून तेही फिरलं. पहिल्याइतकं नाही, तरी राजुऱ्यापर्यंत पोचण्याइतकं फिरलं.

ते कळलं पोचय्याच्या फोनवरून. यावेळी त्यानं नमस्कार केला, तोही दोनदा. "बाई, तुमचे लय उपकार झाले. धानवाला येऊन गेला. म्हातारीनं भांडे परत बलावले. आन राजुऱ्याचे लोक सोता आले, चूक झाली म्हणाले. लग्न दिवाळीनंतर ठरवलं. तुमाले याच लागन. आमच्या घरातल्याच झाल्या तुमी."

घरातल्याच. शिरीननं कार्यालयाच्या भिंतीकडे तोंड वळवलं. "आणि रिना?" तिनं विचारलं. "रिना काय म्हणते?"

"ते काय म्हणन. गप आहे. पोरी गपच राह्यते अशा टायमाले."

इथं थांबता आलं असतं. अभिनंदन म्हणून फोन ठेवता आला असता, आणि दिवाळीनंतर ती त्या लाल टेकडीवर नवी साडी नेसून गेली असती, चटईवर बसली असती, कुणीतरी समोर बसून तिला वाढलं असतं. तिला ते सगळं दिसलं. आणि तरी तिचं तोंड उघडलं.

"पोचय्याभाऊ, तिच्या मनात नाही ते लग्न. मला म्हणाली ती. नदीवर."

पलीकडे काहीच आवाज नाही. शेळीसुद्धा नाही.

"तुमाले म्हणाली?" शेवटी तो म्हणाला. आवाज अगदी हलका झाला होता. "माह्या पोरीनं तुमाले सांगितलं. मले नाई."

"भाऊ, ती घाबरली असेल..."

"मी कधी हात नाई लावला तिले. कधी मोठ्यानं बोललो नाई. ठेवतो, बाई."

त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. शिरीननं दोनदा लावून पाहिला, वाजत राहिला. कामं येत राहिली. सोयाबीनचा भाव, मतदार वाढले किती, बिबटे वाढले किती. ती ठिपके ठेवायची, खांब उभे करायची. पूर्वी रंग निवडताना ती गुंग होऊन जायची, आता निवडलेला रंग बघत ती नुसती बसून राहायची. दिव्यानी जेवायला चला म्हणायची तेव्हा तिचं जेवण झालेलं नसलं तरी ती झालं म्हणायची. संध्याकाळी इरई नदीच्या पुलावरून येताना वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, त्यांचा धूर वाऱ्याबरोबर एकीकडे झुकलेला, आणि तिला वाटायचं, आपण खरं बोललो की दुसऱ्याचं गुपित फोडलं? दोन्ही केलं. एकच वाक्य होतं ते. त्यातून एक काढून दुसरं ठेवता येत नव्हतं.

फोन आला तो एका रविवारी दुपारी. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, तुमी बाबाले काऊन सांगितलं?"

शिरीन खाली बसली, फरशीवरच. "रिना..."

"मी सांगणार होती न! माह्या तोंडानं सांगणार होती. रोज मनात जुळवून राह्यली होती. तुमी मधातच सांगून टाकलं." ती रडत होती, पण आवाज रडका नव्हता, तापलेला होता. "बाबा घरी आले, मले काईच नाई बोलले. रागवले बी नाई. राजुऱ्याले फोन केला, नाई म्हटलं, आन बाजेवर जाऊन झोपले. मी सांगितलं असतं तं ते माह्यावर चिडले असते. चिडू द्याचं होतं न त्याईले!"

"चुकलं माझं," शिरीन म्हणाली. यावेळी ते कुणाला पटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं.

वर्गातून बाहेर काढलेल्या पोरांसारख्या दोघी फोनच्या दोन टोकांना बसल्या होत्या.

"मोडलं ना पण लग्न?" शिरीननं विचारलं.

"मोडलं." नाक ओढल्याचा आवाज. "आता घरात कोनी बोलून नाई राह्यलं, मॅडम. आई वाढते, बाबा जेवते, उठून जाते. मी भांडे घासतो. मैत्रिणी बी येत नाई, त्यायच्या आया येऊ देत नाई. सकाळपासून मी कोनाशी एक शब्द नाई बोलली."

"मी येऊ का?"

"नाई! तुमी नका येऊ." आणि मग, "काई बोला न."

"काय बोलू?"

"काई बी. तुमचं काई बी."

शिरीननं आजूबाजूला पाहिलं. बोलण्यासारखं त्या खोलीत काय होतं? खिडकी. बंद खोलीचं दार. ओट्यावर कापायची पाटी आणि सुरी. "मी आत्ता कांदा कापत होते," ती म्हणाली आणि तिला स्वतःचंच हसू आलं. "अंड्याचा रस्सा करत होते. एकटीपुरता."

"कसा करता?"

"कसा म्हणजे? कांदा, खोबरं, मसाला. अम्मी करायची तसा."

"आमच्या इथी चिंच टाकतेत त्यात."

"अंड्यात चिंच?"

"लय चांगला लागते. टाकून पाहा न."

"असेल घरात बहुतेक. थांब, बघते." तिनं फोनचा स्पीकर लावला, तो ओट्यावर पाटीशेजारी ठेवला आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढायला लागली. किती तरी डबे तिनं अम्मी गेल्यापासून उघडलेच नव्हते. एकात वाळकी वेलची निघाली, एकात काहीच नाही, एकाचं झाकण घट्ट बसलं होतं आणि ते निघेना. ती दात-ओठ खाऊन झाकणाशी झटत राहिली.

"मॅडम?" खालून आवाज आला. "गेल्या का?"

"नाही गं," शिरीन म्हणाली. "इथंच आहे."